माळव्यातील गळाचा शौक

सन १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तहनामा होऊन होळकरशाहीचे स्वातंत्र्य संपले, महूस कंपनी सरकारची छावणी पडली, आणि त्या लवाजम्याबरोबर निव्वळ मनोविनोदार्थ गळ टाकून बसण्याचा विलायती शौकही माळव्यात उतरला. मासे धरणे हा येथील भोई, केवट व कहार यांचा वंशपरंपरागत व्यवसाय; पोटाची भ्रांत नसलेल्याने त्यासाठी उन्हात तिष्ठावे, हे त्यांना नवलाचेच वाटले असेल.

साहेबाचे चित्त जडले ते नर्मदेच्या महासीरावर. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून या मत्स्याला स्वदेशीच्या सामनहूनही वरचढ ठरविले. पण ग्रंथ कितीही पाठ असला, तरी महेश्वरच्या सहस्रधारेसारख्या खडकाळ, खळाळत्या पात्रात मासा कोणत्या ऋतूत कोठे दडतो, हे सांगायला स्थानिक वाटाड्याच लागे, आणि माझ्या मते खरे कसब त्याचेच, जरी बक्षिसापलीकडे त्याचे नाव कोणत्याही दप्तरी चढले नाही.

खुद्द इंदूरचे जलाशय, गंभीर नदीवरील यशवंतसागर धरून, होळकर दरबाराने नगराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधले. तेथे रोहू, कटला मिळतात. महासीराला मात्र वाहते पाणी व वाळूगोट्यांचा तळ हवा. इंदिरासागर व ओंकारेश्वर धरणांनी नर्मदेचा प्रवाह अडविल्यानंतर, २०११ मध्ये, मध्य प्रदेश शासनाने त्याला राज्यमत्स्य जाहीर केले. हा सन्मान फार उशिरा आला.