इंजिन बदलताना मॅन्युअल गिअरबॉक्स कसा जोडतात? बोल्ट बसले म्हणजे काम झालं असं नाही!

जुन्या जीपमध्ये दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवल्याचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. साखळीला लटकलेलं इंजिन खाली येतं, चार बोल्ट आवळले जातात आणि पुढच्याच सेकंदाला गाडी घाट चढताना दिसते. मधले दोन-तीन आठवडे मात्र रीलमध्ये नसतात. आजच्या लेखात आपण तेच मधलं काम समजून घेणार आहोत.

माझ्या मामाकडे महिंद्राची जुनी पेट्रोल जीप होती. पेट्रोल परवडेना म्हणून त्याने एका गॅरेजमध्ये सेकंडहँड डिझेल इंजिन बसवून घेतलं, गिअरबॉक्स मात्र जुनाच ठेवला. पंधरा दिवसांत गिअर अडकायला लागले, मग क्लच दाबला की घरघर सुरू झाली. ऐन टोमॅटोच्या हंगामात जीप अंगणात उभी राहिली आणि नारायणगावच्या बाजारात माल न्यायला रोज भाड्याचा टेम्पो सांगावा लागला. दुसऱ्या मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला, तेव्हा मी शेजारी उभा होतो. खाली जे लिहिलंय, त्यातलं बरंचसं मी त्या दिवशी शिकलो.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये काय असतं?

इंजिनचा क्रँकशाफ्ट मागे जिथे संपतो, तिथे फ्लायव्हील हे जड चाक बोल्टने बसवलेलं असतं. फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट बसते आणि दोघांच्या मध्ये क्लच प्लेट दाबलेली असते. गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या इनपुट शाफ्टवर दात असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात. क्लच प्लेट या दातांवर सरकते. जीपसारख्या, इंजिन उभं बसवलेल्या बहुतेक गाड्यांत शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या छिद्रातल्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये टेकतं. या सगळ्यावर घंटेसारखं झाकण असतं, ते बेल हाउसिंग.

म्हणजे इनपुट शाफ्टचं एक टोक गिअरबॉक्समध्ये आणि दुसरं इंजिनमध्ये असतं. दोन्ही एका रेषेत असायलाच हवेत. सगळा खेळ इथेच आहे.

१. अडॅप्टर प्लेट आणि सेंटर

दोन कंपन्यांच्या इंजिन-गिअरबॉक्सची बोल्टची छिद्रं सहसा जुळत नाहीत. म्हणून मध्ये जाड धातूची प्लेट घालतात. तिची एका बाजूची छिद्रं इंजिनसाठी, दुसऱ्या बाजूची गिअरबॉक्ससाठी असतात.

इथे एक गैरसमज असतो. बोल्ट फक्त आवळून धरतात, सेंटर राखत नाहीत. छिद्र बोल्टपेक्षा थोडं मोठं असतंच, त्यामुळे प्लेट इकडेतिकडे सरकू शकते. सेंटर राखतात त्या डॉवेल पिना, म्हणजे घट्ट बसणाऱ्या गुळगुळीत खुंट्या. मामाच्या जीपमध्ये प्लेट पुठ्ठ्यावर छाप घेऊन बनवली होती आणि डॉवेल घातलेच नव्हते.

तपासायचं कसं? फ्लायव्हीलवर डायल गेज लावायचा, त्याची सुई बेल हाउसिंगच्या मागच्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवायची आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचं. सुई एकूण जितकी हलते, त्याच्या निम्मं सेंटर सरकलेलं असतं. साधारण नियम असा की एकूण हालचाल ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरच्या आत हवी. आमच्याकडे सुई ०.८ मिलिमीटर हलली! म्हणजे सेंटर ०.४ मिलिमीटर बाजूला. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, पण शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला वाकवला जात होता. पायलट बेअरिंगचा चुरा झाला होता.

सुई भोकाच्या कडेऐवजी बेल हाउसिंगच्या मागच्या सपाट तोंडावर टेकवूनही एक फेरा घ्यावा. प्लेट तिरकी असेल तर तिथे कळतं.

२. शाफ्टची लांबी

प्लेट घातली की गिअरबॉक्स तिच्या जाडीइतका मागे जातो आणि शाफ्टचं टोकही मागे जातं. म्हणून तीन मापं घ्या:

- अ: शाफ्टचं टोक बेल हाउसिंगच्या पुढच्या तोंडाच्या किती बाहेर आलंय
- ब: पायलट बेअरिंग इंजिनच्या मागच्या तोंडापासून किती आत आहे
- क: प्लेटची जाडी

'अ' मधून 'ब' आणि 'क' वजा केले की शाफ्ट बेअरिंगमध्ये किती शिरेल ते कळतं. समजा अ ३० मिमी, ब ६ मिमी आणि क १२ मिमी, तर शाफ्ट १२ मिमी आत जाईल. बेअरिंग इंजिनच्या तोंडाच्या बाहेर आलेलं असेल, तर तेवढं माप वजा न करता मिळवायचं.

शाफ्ट कमी शिरला तर टोक नुसतं काठावर राहतं. जास्त लांब असेल तर ते छिद्राच्या तळाला टेकून क्रँकशाफ्टला पुढे ढकलतं आणि इंजिनचे थ्रस्ट बेअरिंग खराब होतात. म्हणून टोकापुढे दोन-तीन मिमी मोकळी जागा ठेवावी.

अमेरिकेतलं प्रसिद्ध उदाहरण बघा. शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ सालचं. १९९७ पासून आलेल्या एलएस इंजिनांची बोल्टची रचना जवळपास तीच असल्यामुळे जुना गिअरबॉक्स त्यांना बसतो. पण बहुतेक एलएस इंजिनांत क्रँकशाफ्टचं मागचं तोंड सुमारे १० मिमी पुढे आहे. बोल्ट जुळतात, शाफ्ट मात्र नीट पोहोचत नाही. त्यासाठी तिथे खास लांब पायलट बेअरिंग किंवा स्पेसर वापरतात.

३. क्लच प्लेट कुणाची?

हा प्रश्न मलाही पडला होता. सोपं उत्तर असं: क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास इंजिनकडच्या फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटला जुळला पाहिजे, आणि मधले दात गिअरबॉक्सच्या शाफ्टला. शाफ्टची जाडी सारखी असली तरी फसू नका. जनरल मोटर्सच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये १ १/८ इंचाचेच शाफ्ट १० दातांचेही आहेत आणि २६ दातांचेही. एकाची प्लेट दुसऱ्याला बसत नाही. तयार प्लेट मिळाली नाही तर मधला हब बदलून घ्यावा लागतो.

४. स्टार्टर आणि रिलीज बेअरिंग

फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये स्टार्टरचे दात पूर्ण शिरतात का ते पाहा, कारण प्लेटच्या जाडीने इथेही अंतर बदलतं. रिलीज बेअरिंग क्लचच्या बोटांना कायम टेकून राहत असेल तर ते लवकर जातं. फार लांब राहिलं तर पेडल तळाला गेलं तरी क्लच सुटत नाही.

जोडताना

१. उतरवण्याआधी प्रत्येक बोल्टचा, वायरचा मोबाइलवर फोटो काढा. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.
२. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा.
३. क्लच प्लेट अलाइनमेंट टूलने मधोमध धरून मगच प्रेशर प्लेट आवळा.
४. गिअरबॉक्स हाताने सरकून तोंडाला तोंड लागलं पाहिजे. फट राहिली तर बोल्ट आवळून ओढू नका. त्याने हब वाकतो किंवा बेल हाउसिंगचा कान तुटतो. मागे घ्या, शाफ्ट थोडा फिरवा, पुन्हा लावा.
५. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. मग इंजिन हाताने फिरवून पाहा. आवळल्यावरच जड झालं असेल तर थांबा.

कायदा विसरू नका

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचे तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. इंजिन किंवा इंधन बदलायचं असेल तर आधी आरटीओत विचारा, परवानगी घ्या आणि आरसीवर नोंद करून घ्या. विमा कंपनीलाही कळवा. नाहीतर अपघातानंतर क्लेमच्या वेळी अडचण येऊ शकते.

मामाच्या जीपचं काय झालं?

दुसऱ्या मिस्त्रीने नवी प्लेट लेथवर करून घेतली, दोन डॉवेल घातले आणि पायलट बेअरिंग व क्लच प्लेट बदलली. सुई ०.१ मिलिमीटरवर आली. जीप आजही चालते, पण तो हंगाम गेला तो गेलाच. पहिल्या गॅरेजमध्ये डायल गेजच नव्हता, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. तुम्ही मात्र गॅरेजमध्ये पैसे ठरवण्याआधी एवढा एक प्रश्न नक्की विचारा: "सेंटर कशाने तपासणार?"

लेख उपयोगी वाटला तर जीपवेड्या मित्राला नक्की पाठवा.