धूळ, धूर आणि शाळा : दम्याच्या इतिहासातील काही पाने



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी दम्यासारखा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी वैद्य नव्हे. कोणाला कोणते औषध द्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु दमेकरी मुलाला शाळेने कसे वागवले, हा इतिहासाचा विषय आहे, आणि त्या इतिहासाची साधने, म्हणजे शब्द, ग्रंथ आणि चरित्रे, माझ्या व्यवसायाचीच आहेत.

प्रथम शब्दच पाहू. 'दमा' आपल्याकडे फारसीतून आला. 'दम' म्हणजे श्वास. मराठीने हा शब्द इतका आपलासा केला की आपण दम धरतो, दम खातो आणि प्रसंगी दुसऱ्याला दम देतोही. हैदराबादच्या श्रोत्यांना हे मी अधिक फोड करून सांगण्याचे कारण नाही. संस्कृत वैद्यकात याच व्याधीला 'तमक श्वास' असे नाव आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात श्वासाचे पाच प्रकार सांगून तमकाचे जे वर्णन केले आहे, ते आजही कोणत्याही दमेकऱ्याला आपलेच वाटेल. निजल्यावर त्रास वाढतो, बसल्यावर उतार पडतो. उष्ण पदार्थ हवेसे वाटतात. आभाळ भरून आले, थंडी पडली, पूर्वेचा वारा सुटला की व्याधी बळावते. त्याच अध्यायात कारणांची जी गणना आहे, तिच्या आरंभीच धूळ आणि धूर यांची नावे येतात. मग वारा, थंड जागा, थंड पाणी, श्रम आणि वाटचाल. वर्ग भरण्यापूर्वीची झाडलोट, खडूने भरलेला फळा, कवायत आणि पायी गाठलेली शाळा या गोष्टी एकामागोमाग डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या जुन्या यादीचा आजच्या विषयाशी संबंध लक्षात येईल.

युरोपातही निदानाची दृष्टी रुग्णांनीच दिली. १६९८ मध्ये दम्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा जॉन फ्लॉयर आणि १८६० मध्ये या विषयावरचा मान्य ग्रंथ सिद्ध करणारा हेन्री हाइड सॉल्टर, हे दोघेही स्वतः दमेकरी होते. मांजराच्या सहवासाने दम उठतो, हे सॉल्टरने नोंदवून ठेवले आहे. मात्र उपचाराच्या बाबतीत एक विलक्षण विरोधाभास दिसतो आणि त्याचा उगम आपल्या दक्षिणेत आहे. १८०२ च्या सुमारास जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याने मद्रासेकडून धोतरा ओढण्याची पद्धत ब्रिटनमध्ये नेली. पुढे शतकभर युरोपात दम्यावरच्या सिगारेटी विकल्या गेल्या. धुराने उठणाऱ्या व्याधीवर धूरच औषध! धोतऱ्यातील द्रव्याने श्वासनलिका सैल होतात हे खरे. पण तो धूर छातीत घ्यावा लागे, हेही तितकेच खरे.

आता शाळेकडे वळू. या काळातील चरित्रे वाचताना एक गोष्ट सतत जाणवते : दमेकरी मूल शाळेत नसते. अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट घरीच शिकले. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांना १८८१ मध्ये नवव्या वर्षी पहिला मोठा झटका आला, आणि त्यांचे शालेय जीवन गैरहजेरीने भरले. अर्जेंटिनातील अर्नेस्तो गेव्हारा, जे पुढे 'चे' म्हणून ओळखले गेले, त्यांना आरंभीचे धडे आईने घरी दिले. ही सारी संपन्न घरची मुले. त्यांना शिक्षक घरी मिळाले, हवापालट मिळाला, ग्रंथालय मिळाले. ज्यांच्या घरी यांपैकी काहीच नव्हते, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. त्यांची नावे हजेरीपटातून कमी झाली, एवढेच.

विसाव्या शतकाच्या मध्यास तर दोष घरावरच ठेवण्यात आला. दमा म्हणजे आईसाठी दाबून ठेवलेला हुंदका, अशी मनोविश्लेषणाची एक उपपत्ती त्या काळी प्रतिष्ठित होती. अमेरिकेत डेन्व्हर येथील निवासी संस्थेत मुलांना आईबापांपासून महिनोन्‌महिने दूर ठेवीत. या उपायाला पेश्किन या डॉक्टरांनी 'पॅरेंटेक्टमी' असे नाव दिले होते. गाठ कापून काढावी तसे आईबाप कापून काढणे! कित्येक मुलांना तेथे बरे वाटे, हे नाकारता येत नाही. पण १९६४ मध्ये हॉलंडमधील लायडेन येथे व्होरहॉर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी दाखवून दिले की घरातील धुळीतला मुख्य अपराधी हा गाद्या-उशांत राहणारा, कोळ्याच्या कुळातील, डोळ्यांना न दिसणारा जीव आहे. त्यानंतर त्या सुधारणेत आई मागे राहिल्याचा वाटा किती आणि गादी मागे राहिल्याचा किती, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. एका पिढीतील मातांना विनाकारण अपराधी ठरवले गेले, असे माझे मत आहे.

१९५६ हे वर्ष येथील मराठी माणूस विसरणार नाही. त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरला हैदराबाद संस्थानाचे तीन भाग झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथे राहिलो. त्याच वर्षी अमेरिकेत मापून फवारा देणारा हातातला पंप बाजारात आला. त्यामागे एका शाळकरी मुलीचा प्रश्न होता, असे सांगतात. रायकर लॅबोरेटरीजच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, केसांचा फवारा डबीतून येतो, तर माझे औषध का येत नाही? तोवर काचेचे नाजूक उपकरण रबरी फुग्याने दाबून वापरावे लागे. ते दप्तरात नेणे अशक्यच होते. औषध मुलाच्या खिशात आले आणि मूल वर्गात आले, इतका साधा हा क्रम आहे.

पण तो निर्वेध नव्हता. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये दम्याचे मृत्यू अकस्मात वाढले. १० ते १४ वर्षांच्या मुलांत ही वाढ सर्वांत तीव्र होती, आणि संशयाची सुई त्या काळच्या जहाल पंपांकडे वळली. १९६९ मध्ये सालब्युटॅमॉल आणि १९७२ मध्ये श्वासावाटे घ्यायचे बेक्लोमेथासोन आले. पहिले तात्काळ आराम देते, दुसरे सूज आवरून झटकाच टाळते. हा भेद पालकांनी नीट समजून घेतला पाहिजे. आराम देणारा पंप वारंवार लागत असेल, तर ते आजार हाताबाहेर जात असल्याचे चिन्ह आहे, पंप चांगला असल्याचे नव्हे.

आपल्या शहरात मृग लागला की दम्याची आठवण निराळ्या रीतीने होते. बत्तिनी घराण्याची, १८४५ पासून चालत आल्याचे सांगितली जाणारी, जिवंत मरळ माशाच्या तोंडातून औषध गिळवण्याची प्रथा नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर देशभरातून माणसे ओढून आणते. पूर्वी त्यास औषध म्हणत. वाद झाल्यावर 'प्रसाद' हे नाव रूढ झाले, आणि या नामांतरातच बरेच काही आले. त्याचा गुण शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही. विनामूल्य सेवा करणाऱ्यांच्या हेतूविषयी मी काही बोलत नाही. परंतु त्या रांगेत मुलाला उभे करून, डॉक्टरांनी दिलेला रोजचा पंप बंद करणारे पालक मी पाहिले आहेत, आणि ते मला भयावह वाटते. भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी असावेत असा अलीकडचा अंदाज आहे. जगातील दमेकऱ्यांत आपला वाटा सुमारे १३ टक्के, पण दम्याच्या मृत्यूंत तो ४० टक्क्यांहून अधिक. औषध नाही म्हणून नव्हे, तर पुष्कळदा ते लपवले जाते, विशेषतः मुलींच्या बाबतीत, म्हणूनही हे घडते. 'पंप' म्हटले की स्थळ परत जाईल, ही धास्ती अजून गेलेली नाही.

शाळेचे कुलूप हाही या इतिहासाचा भाग आहे. कॅनडातील ऑंटारिओ प्रांतात २०१२ मध्ये एक बारा वर्षांचा मुलगा शाळेत झटका येऊन दगावला. त्याचा पंप कार्यालयात कुलपात होता. २०१५ मध्ये त्याच्या नावाचा कायदा झाला आणि मुलांना पंप स्वतःजवळ बाळगण्याचा हक्क मिळाला. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना संकटकाळासाठी पंप विकत घेऊन ठेवता येतो. पंपासोबत श्वास ओढण्याची नळी लागते. ती महाग पडते म्हणून अडून बसण्याचे कारण नाही. केप टाउनच्या हेदर झार यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की पाण्याची अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली नीट भोक पाडून वापरली, तर मुलांना तितकाच उपयोग होतो.

कवायतीतून सूट, हीदेखील सरसकट दया नव्हे. आजार आटोक्यात असलेल्या मुलाने खेळावे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये जलतरणात चार सुवर्णपदके मिळवणारी एमी व्हॅन डायकेन लहानपणापासून दमेकरी होती.

उरला धूर आणि उरली धूळ. मैदानाच्या कडेला वाढणारे गाजरगवत, ज्याला देशावर काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी म्हणतात, ते पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदले गेले आणि आता देशभर पसरले आहे; त्याचे पराग अनेकांना बाधतात. फुलोरा येण्यापूर्वीच ते उपटावे, आणि उपटणाऱ्याने हातमोजे घालावेत. पोषण आहाराची चूल वर्गांपासून दूर असावी. रंगरंगोटी उन्हाळ्याच्या सुट्टीत संपावी. शारदोत्सवात बंद सभागृहात धूप आणि कापूर यांचे जे लोट उठतात, त्यांची शारदेला हौस असेल असे मला वाटत नाही.

आणि झाडलोट. आपल्या शाळेची पहिली घंटा साडेनऊची, आणि वर्ग झाडले जातात सव्वानऊला. मुले आत येतात तेव्हा धूळ अजून खाली बसलेली नसते. ही झाडलोट आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर, पाणी शिंपडून, व्हावी. फळा ओल्या फडक्याने पुसावा. सतरंज्या दर आठवड्यास बाहेर उन्हात टाकाव्यात. आणि ज्या मुलांना डॉक्टरांनी पंप दिला आहे त्यांचा पंप त्यांच्याच दप्तरात राहावा, असे निवेदन मी गेल्या सोमवारी व्यवस्थापक मंडळाकडे दिले आहे.