कोंबडीची कातडी आणि घरातील भट्टी : नांदेड-लातूर परिसरातील एका पदार्थाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

मराठवाड्याचा आधुनिक इतिहास प्रामुख्याने निजामी राजवट, हैदराबाद मुक्तिसंग्राम, १९७२ चा दुष्काळ, विद्यापीठाचे नामांतर आणि १९९३ चा किल्लारी भूकंप या घटनांभोवती लिहिला गेला. घरातील चूल, तिच्यावरील पातेले आणि त्या पातेल्यातील अन्न यांना या लेखनात फारशी जागा मिळाली नाही. अन्नाचा विचार झाला तो दुष्काळातील सुकडी, आयात केलेला मिलो आणि रोजगार हमीच्या कामांच्या अनुषंगाने. म्हणजे अन्न नसण्याचा इतिहास लिहिला गेला. अन्न असण्याचा राहून गेला.

नांदेड व लातूर शहरांतील मध्यमवर्गीय घरांत गेल्या काही वर्षांत एक पदार्थ रुळला आहे : ओव्हनमध्ये भाजलेली, वरून कुरकुरीत आणि आतून मऊ कोंबडी. वीजेवरील भट्टी घरात आली म्हणून हा पदार्थ आला, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. हा समज अपुरा आहे. ओव्हन येण्याच्या बऱ्याच आधी कोंबडी बदलली होती, आणि कोंबडी बदलली नसती तर ओव्हन असूनही हा पदार्थ या प्रदेशात शिजला नसता, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या बदलात घरातील स्त्रीच्या हातून काय निसटले, हा प्रश्नही त्याच ओघात विचारात घ्यावा लागतो.

रस्सा का, भाजणे का नाही?

गावरान कोंबडी अंगणात, उकिरड्यावर आणि खळ्यावर चरून वाढते. दिवसभर हिंडल्यामुळे तिचे स्नायू घट्ट होतात. सव्वा-दीड किलो वजन भरण्यास तिला पाच-सहा महिने लागतात आणि पुष्कळदा ती कापली जाते तेव्हा अंडी देण्याचे तिचे दिवसही सरलेले असतात. अशा पक्ष्याच्या मांसात स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट तंतू अधिक असतात. ते मऊ होण्यासाठी ओलसर उष्णता आणि पुष्कळ वेळ लागतो. कोरड्या आचेवर तेच मांस आकसते, वातड होते. म्हणून मराठवाड्यातील घरात कोंबडी म्हटली की रस्साच. याला परंपरेचे प्रेम म्हणण्यापेक्षा पक्ष्याच्या शरीररचनेला दिलेले अचूक उत्तर म्हणणे योग्य ठरेल.

रश्श्याची एक मर्यादा मात्र आहे. पाण्यात शिजणाऱ्या पदार्थाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर फारसे जात नाही. खरपूसपणा निर्माण करणारी रासायनिक प्रक्रिया साधारणतः १४० अंशांच्या पुढे वेगाने घडते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी १९१२ मध्ये या प्रक्रियेचे वर्णन केले. मराठवाड्यातील स्त्रियांनी ही अडचण फार पूर्वी वेगळ्या मार्गाने सोडवलेली दिसते. सुके खोबरे थेट निखाऱ्यावर धरायचे, कांदा सालीसकट आरात पुरायचा, तीळ-धने तव्यावर भाजायचे आणि हे सारे पाट्यावर वाटून रश्श्यात घालायचे. येसूर वापरणाऱ्या घरांत धान्ये व मसाले आधीच भाजून दळून ठेवलेले असतात. पक्षी भाजता येत नाही, तर मसाला भाजावा, असा हा हिशेब आहे. आजच्या कुरकुरीत कोंबडीतील जो खरपूस स्वाद नवा वाटतो, तो या जेवणात पूर्वीपासून होता. फक्त तो मांसावर नव्हता, रश्श्यात होता.

रश्श्याला आणखी एक कारण होते व ते आर्थिक होते. एक कोंबडी आणि दहा खाणारी तोंडे हे समीकरण भाजलेल्या मांसाने सुटत नाही. रस्सा वाढवता येतो. ज्वारीची भाकरी कुस्करून त्यात भिजवली की वाट्याला एखादीच फोड आली तरी जेवण पुरे होते.

येथे कातडीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. घरी कापलेल्या कोंबडीची पिसे गरम पाण्यात बुडवून उपटली जात. उरलेली बारीक लव जाळण्यासाठी ती कडब्याच्या किंवा काटक्यांच्या जाळावर फिरवली जाई आणि मग हळद चोळून धुतली जाई. कातडी मांसावरच राही. तिच्यातील चरबी रश्श्यावर तवंग होऊन येई आणि तेलाची टंचाई असलेल्या घरात तीच फोडणीचे काम करी.

चूल घरातली की अंगणातली?

मांस शिजवण्याची जागा हा जातीचा, पंथाचा आणि घरातील अधिकाराचाही प्रश्न होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना निषिद्ध ठरवलेल्या पदार्थांत लसूण-कांद्याबरोबर गावकोंबड्याचाही समावेश आहे. नांदेड-लातूर भागातील लिंगायत व जैन घरांत मांस वर्ज्य आहे आणि माळकरी वारकऱ्यांचेही तसेच. ज्या शेतकरी घरांत मांस चाले, तेथेही घरात माळ घातलेले एखादे वडीलधारे माणूस असले की तीन दगडांची चूल अंगणात किंवा शेतात मांडली जाई. भांडे वेगळे, पळी वेगळी. पुष्कळदा शिजवणारा पुरुषच असे. एरवी वर्षभर स्वयंपाकघराकडे न फिरकणारी पुरुषमंडळी त्या दिवशी पाककलेवर अधिकाराने बोलत, हेही नोंदवायला हरकत नाही.

दलित वस्त्यांतील अन्नव्यवहाराची नोंद छापील मराठीत फार उशिरा झाली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० मध्ये मुंबईतून आले. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवरील शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ प्रसिद्ध होण्यास २०१५ साल उजाडावे लागले. या दोन पुस्तकांमधील शंभरावर वर्षांचे अंतर पाहता पाककृतींची पुस्तके हे साधन म्हणून वापरताना अभ्यासकाने किती सावध राहावे, हे लक्षात येते. छापले गेले नाही म्हणजे शिजत नव्हते असे होत नाही.

घराबाहेरची भट्टी

कोरड्या आचेवरील मांस या प्रदेशाला अगदीच अपरिचित नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातील अन्नभोग प्रकरणात शूलावर, निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचे प्रकार वर्णिले आहेत. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून. तथापि ते राजाचे ताट होते. त्यावरून रयतेच्या ताटाविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

दुसरी भट्टी हैदराबादी परंपरेतून आली. औरंगाबादचा नान-खलिया प्रसिद्ध आहे. त्यातील नान तंदूरमध्ये भाजला जातो, मांस मात्र रश्श्याचेच. मुस्लिम घरांतील ‘दम’ हा प्रकार ओव्हनच्या अधिक जवळ जातो. पातेल्याचे झाकण कणकेने बंद करायचे, खाली मंद आच आणि झाकणावर निखारे ठेवायचे; दोन्ही बाजूंनी उष्णता देण्याचे ओव्हनचे तत्त्व हेच. फरक इतकाच की दमात वाफ कोंडली जाते आणि कुरकुरीतपणासाठी वाफ बाहेर जावी लागते. रायगड जिल्ह्यातील पोपटीत मडके उपडे ठेवून सभोवार जाळ करतात व त्यात वालाच्या शेंगांबरोबर कोंबडीही भाजतात. मराठवाड्यात थंडीतील आगटी पेटते ती हुरड्यासाठी.

तिसरी भट्टी फाळणीनंतरची. दिल्लीच्या दर्यागंजमधील ‘मोती महल’ने लोकप्रिय केलेली तंदुरी कोंबडी पुढे देशभरच्या ढाब्यांवर पोहोचली. तख्त सचखंड श्री हजूर साहिबमुळे नांदेडचा पंजाबशी संबंध जुना आहे. गुरू गोविंदसिंगजींचे १७०८ मध्ये येथेच निर्वाण झाले. तरीही हा पदार्थ नांदेडला धर्मक्षेत्रातून आला असे मानण्याचे कारण नाही. गुरुद्वाऱ्याचा लंगर शाकाहारी असतो. तो आला हमरस्त्यावरून, ढाब्याच्या वाटेने. या तंदुरी कोंबडीला कातडी नसते. सोललेल्या पक्ष्यास दही-मसाला लावून ती भाजतात. पुढे घरातील ओव्हनसमोर उभ्या राहिलेल्या गृहिणीने नमुना उचलला तो हाच.

कोंबडी बदलते

अमेरिकेत १९४८ मध्ये ‘चिकन ऑफ टुमॉरो’ या स्पर्धेतून भरदार छातीच्या, झटपट वाढणाऱ्या जातींची निवड झाली आणि मांसासाठी वेगळा पक्षी तयार करण्याच्या उद्योगाला वेग आला. भारतात डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या व पुढे पुण्यातून विस्तारलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगाचे या क्षेत्रातील स्थान सर्वज्ञात आहे. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरतो. त्याला हिंडायला जागा नाही, म्हणून त्याचे मांस कोवळे. पाऊण तासाच्या कोरड्या आचेत मऊ होणारा पक्षी या प्रदेशातील सामान्य घराला प्रथमच उपलब्ध झाला.

या पक्ष्याचे खाद्य मका आणि सोयाबीनची पेंड. येथे लातूरचा थेट संबंध येतो. १९९० नंतरच्या दशकांत लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीन पसरले, लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी ओळखली जाऊ लागली आणि तेलगिरण्यांतून निघणारी पेंड कुक्कुटपालनाकडे वळली. त्याच शिवारातील ज्वारी घटली. ज्वारी घटली तसे खळे मोडले, आणि खळ्यावर सांडलेल्या दाण्यांवर जगणारी गावरान कोंबडीही कमी झाली. एकाच पीकबदलाने एका पक्ष्याचे खाद्य वाढवले आणि दुसऱ्याचे काढून घेतले.

गावरान कोंबडी ही घरातील बाईची मिळकत होती. जमीन नवऱ्याच्या नावावर, बैल सासऱ्याच्या हुकमात. पण डालग्याखालची कोंबडी आणि तिची अंडी बाईची. आठवडी बाजारात अंडी विकून आलेला पैसा तिच्या कनवटीला राही. मुलाची पाटी, माहेरी जाण्याचे भाडे त्यातून निघे. मानमोडीच्या एका साथीत सारे खुराडे रिकामे होई, हेही खरे. या मिळकतीचे उगाच गोडवे गाण्यात अर्थ नाही. परंतु ब्रॉयलरची शेड कर्जावर, करारावर आणि बहुधा पुरुषाच्या नावावर उभी राहते. पशुसंवर्धनाचे अहवाल पक्ष्यांची संख्या वाढल्याचे सांगतात. पक्ष्यांची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, हे त्या संख्येत दिसत नाही. जोखीमही बदलली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या दगावल्या, तेव्हा परिसरातील हजारो पक्षी नष्ट करावे लागले. आतपर्यंत किमान ७० अंश तापमानाला शिजलेले मांस सुरक्षित असते, हे त्या काळात वारंवार सांगावे लागले; रश्श्याच्या प्रदेशात ते सांगण्याची फारशी गरज नव्हती.

ओव्हन घरात

मराठी घरातील पहिली भट्टी कोंबडीसाठी नव्हती. दिवाळीच्या सुमारास रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून आणायची, ही पद्धत अनेक गावांत होती. पुढे ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला. तो नसेल तेथे कुकरची शिट्टी व रिंग काढून तळाशी वाळू पसरून केक केला जाई. प्रेशर कुकर भारतात १९५९ पासून तयार होऊ लागले. गावरान कोंबडीचा वेळ त्यांनी वाचवला, परंतु ओलसर उष्णतेचीच पद्धत पुढे नेली.

ओव्हन मिळाला तरी वीज मिळेना. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. दीड-दोन हजार वॅटचे यंत्र पाऊण तास अखंड चालण्याची खात्री नसताना त्यात कोंबडी ठेवण्याचे धाडस कोण करणार? वीज स्थिरावली, तेव्हा जुना प्रश्न नव्या रूपात आला : ज्या ओव्हनमध्ये आजीसाठी बिनअंड्याचा केक होतो, त्यात कोंबडी भाजावी काय? काही घरांत वेगळी जाळी आणि वेगळा ट्रे यावर समझोता झाला. काही घरांत ओव्हनच गॅलरीत गेला. अंगणातील तीन दगडांच्या चुलीने तिसऱ्या मजल्यावर जागा शोधली, असे म्हणता येईल.

घरगुती कृतीतील मुख्य अडचण कातडीची आहे. पाश्चात्त्य पद्धतीत कुरकुरीतपणा कातडीचा असतो : तिच्यातील पाणी आटते, चरबी वितळते आणि उरलेला पापुद्रा कडक होतो. मराठवाड्यातील दुकानात ब्रॉयलर सोलूनच मिळतो. पिसे उपटण्यापेक्षा कातडीसकट ओढून काढणे झटपट होते आणि गिऱ्हाइकालाही तेच स्वच्छ वाटते. म्हणजे ज्या व्यवस्थेने भाजण्याजोगे कोवळे मांस दिले, तिनेच भाजल्यावर कुरकुरीत होणारा भाग काढून घेतला. त्यावर गृहिणींनी शोधलेला उपाय बाहेरून कातडी चढवण्याचा आहे. तंगड्यांना चिरा देऊन त्या कापडाने कोरड्या करायच्या, आले-लसूण, हळद, तिखट, मीठ व घट्ट दही लावून काही तास ठेवायच्या, आणि भाजण्यापूर्वी बेसन, तांदळाचे पीठ, रवा किंवा चुरलेले कॉर्नफ्लेक्स यांत घोळवायच्या. ट्रेवर न ठेवता जाळीवर ठेवल्या तर खालून वाफ धरत नाही. २०० ते २२० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे, मध्ये एकदा उलटून आणि वरून तेलाचा हात फिरवून. कोठे कोठे कॉर्नफ्लेक्सऐवजी ज्वारीच्या लाह्यांचा भरड चुरा वापरला जातो. नागपंचमीला वाहिल्या जाणाऱ्या लाह्या पुढे कोंबडीला लागतात. शिवारातून हटलेली ज्वारी अशा रीतीने ट्रेमध्ये परत येते.

कातडीसह ब्रॉयलर हवा असल्यास दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. गरम पाणी, उपटणे, वेळ हे सारे त्याला जिकिरीचे वाटते. कातडीसह, लव जाळून, हळद लावून मिळते ती गावरान म्हणून विकली जाणारी कोंबडी. तिच्यातही पुष्कळदा गिरिराज किंवा वनराज या सुधारित जाती असतात. तिची लव जाळण्यासाठी कडब्याऐवजी आता गॅसची शेगडी वापरतात. कातडी शाबूत असलेला हा पक्षी घेऊन एखादी हौशी गृहिणी ओव्हन लावते, तेव्हा वरचा पापुद्रा उत्तम कुरकुरीत होतो. आतले मांस मात्र दातांना दाद देत नाही, आणि रात्रीच्या जेवणाला त्याच कोंबडीचा रस्सा करावा लागतो.