एल कोपे येथील मंडूकसमूहाचा ऱ्हास

प्राणिजातींच्या नाशाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे एक अडचण नेहमीच उभी राहते. जाती नाहीशी झाल्यावर तिच्याविषयी कुतूहल जागे होते, आणि तोवर साधने संपलेली असतात. उभयचरांच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. कोस्टा रिकातील मोंतेव्हेर्दे येथे १९८७ साली मार्था क्रंप यांना सोनेरी भेक दीड हजारांहून अधिक संख्येने आढळले. १९८९ च्या मे महिन्यात एकच नर दिसला, आणि त्यानंतर एकही नाही. त्याच वर्षी कँटरबरी येथे उभयचर-सरीसृपविज्ञानाची पहिली जागतिक परिषद भरली. निरनिराळ्या खंडांतील अभ्यासक तेथे एकमेकांस आपापल्या ओढ्यांची हकीकत सांगू लागले, तेव्हा कोठे हा ऱ्हास केवळ स्थानिक नसावा अशी शंका बळावली. एक प्रमुख कारण हाती लागावयास आणखी नऊ वर्षे गेली. १९९८ साली ऑस्ट्रेलिया व मध्य अमेरिका येथील मृत बेडकांच्या त्वचेत एकाच प्रकारची बुरशी आढळली, आणि पुढील वर्षी तिचे बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस असे नामकरण झाले. त्वचेतून होणारी क्षारांची देवघेव ती बिघडविते, व अखेर हृदय बंद पडते.

पनामातील एल कोपेचे महत्त्व एवढ्यासाठी की, तेथे साथ येण्यापूर्वीच नोंदींचे दप्तर तयार होते. कॅरेन लिप्स यांनी कोस्टा रिका व पश्चिम पनामा येथील ऱ्हास स्वतः पाहिला होता. तो आग्नेयेकडे सरकत आहे हे ओळखून तेथील डोंगराळ अरण्यात बेडकांची नियमित गणना चालू ठेवण्यात आली. २००४ च्या उत्तरार्धात साथ आली. भाकीत खरे ठरल्याचा आनंद मानता येऊ नये, असे प्रसंग विज्ञानात थोडे नाहीत. त्यांपैकी हा एक होय.

या दप्तराच्या व डी.एन.ए.च्या आधारे क्रॉफर्ड, लिप्स व बर्मिंगहॅम यांनी २०१० साली हानीचा हिशेब मांडला. तीस जाती तेथून नाहीशा झाल्या होत्या, आणि त्यांपैकी पाचांना शास्त्रीय नावही मिळालेले नव्हते. जातींच्या मापाने ही हानी ४१ टक्के, तर समूहाच्या उत्क्रांतिवृक्षातील शाखांची लांबी मोजली असता ३३ टक्के भरली. दुसरा आकडा लहान दिसतो म्हणून त्यात दिलासा शोधणे चुकीचे ठरेल. साथीने वंशवृक्षावर कोठेही विशेष रोख न धरता घाव घातले, असे या अभ्यासात दिसून आले. अशा वेळी नष्ट झालेल्या जातीचा एखादा नातलग बहुधा शिल्लक राहतो, व दोघांना सामाईक असलेली जुनी शाखा त्याच्यामुळे हिशेबात टिकते. तो नातलगही गेला म्हणजे ती शाखा मुळापासून तुटते. शिवाय ही हानी एका स्थळापुरती आहे. स्थळावरून नाहीसे होणे आणि पृथ्वीवरून नाहीसे होणे यांत भेद केलाच पाहिजे.

शाखा मुळापासून तुटणे म्हणजे काय, याचे उदाहरण क्वीन्सलंडमध्ये मिळते. तेथील रिओबॅट्रॅकस या वंशातील मादी अंडी गिळून जठरातच पिले वाढवी. त्या काळात जठराम्लाचा स्राव थांबे, आणि पिले तोंडावाटे बाहेर पडत. हा वंश दोनच जातींचा होता. पहिल्या जातीचा बंदिवासातील शेवटचा बेडूक १९८३ मध्ये मेला. दुसरी जाती १९८४ मध्ये सापडली व १९८५ नंतर दिसली नाही. जनुके गेली, तशीच अपत्यसंगोपनाची एक संपूर्ण रीतही गेली. संशय याच बुरशीवर आहे, तो सिद्ध झालेला नाही.

परिस्थितिविज्ञानाच्या दृष्टीने मात्र पनामातील ओढ्याची साक्ष अधिक बोलकी आहे. साथीपूर्वी अशा ओढ्यांत दर चौरस मीटरला पन्नासाहून अधिक भैकेर आढळत. दगडांवरील शैवल खरवडून खाणे हे त्यांचे मुख्य काम. भैकेरांचे ९८ टक्के जैवभार नष्ट झाल्यावर शैवल व बारीक गाळ सुमारे दुप्पट झाला, आणि नायट्रोजन शोषून घेण्याचा वेग निम्म्याहूनही घटला. एक गेला तर त्याच आहाराचा दुसरा त्याची जागा घेतो, असे आपण सहज गृहीत धरतो. येथे शैवल व कुजके द्रव्य खाणारे कीटकवर्गीय प्राणी वाढतील अशी संशोधकांचीही अपेक्षा होती. दोन वर्षांच्या निरीक्षणात ते वाढले नाहीत. अन्न भरपूर, पण खाणारा नाही! परिसंस्थेतील कामांची वाटणी आपण समजतो तितकी लवचिक नसते, असा माझ्या मते याचा अर्थ आहे.

अन्नसाखळीत वरच्या बाजूसही परिणाम पोहोचला. साथीनंतर एल कोपे येथील सर्पजातींची संख्या घटली असण्याची संभाव्यता ०.८५ असल्याचे झिपकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखविले. बेडकांची अंडी खाणाऱ्या सिबॉन आर्गससारख्या सर्पाचे काय झाले असेल, हे सांगावयास नको. मोजक्या सर्पजातींची स्थिती सुधारली, हेही नमूद केले पाहिजे.

पनामातील काही बेडूकजाती पुन्हा दिसू लागल्या आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत बुरशी सौम्य झाल्याचे आढळले नाही. ती पूर्वीइतकीच घातक होती. काही बेडकांच्या त्वचेतील स्राव मात्र तिला पूर्वीपेक्षा अधिक रोखू लागले होते.