दिवाळी ते होळी, सायकलवर

मुंबईला थंडीच नाही, असं पुण्या-नाशिकचे नातेवाईक आम्हाला ऐकवत असतात. पण २२ जानेवारी १९६२ रोजी कुलाब्याच्या वेधशाळेत पारा ११.७ अंशांपर्यंत उतरला होता आणि सांताक्रूझला ७.४ अंशांपर्यंत. त्या सकाळी आप्पा, म्हणजे माझे वडील, परळच्या गिरणीतून रात्रपाळी करून सायकलवर लालबागला आले, तेव्हा त्यांची बोटं सरळ होईनात. आईने तव्यावर फडकं तापवून शेक दिला. मी चार वर्षांची होते, मला यातलं काही आठवत नाही. पण घरात थंडीचा विषय निघाला की ही गोष्ट निघायचीच आणि आई ती एकाच वाक्यावर संपवायची : दुसऱ्या दिवशी परत सायकलच घेऊन गेले. आमच्या चाळीपासून गिरणी चालत दहा मिनिटांवर होती.

मग सायकल कशाला? ती कामावर जाण्यासाठी नव्हतीच, कामावरून सुटल्यावरसाठी होती. आप्पा साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. सूत तुटू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवत. आठ तास त्या वाफेत, साच्यांच्या खडखडाटात आणि कापसाच्या तुसात काढल्यावर सकाळी सातचा भोंगा व्हायचा. दाराबाहेर उत्तरेचा गार वारा असायचा. अशा वेळी घराकडे न वळता ते वरळीच्या समुद्रापर्यंत जायचे, कठड्यापाशी सायकल लावून थोडा वेळ बसायचे आणि साडेआठपर्यंत घरी यायचे. हे फक्त थंडीत. उरलेले आठ महिने पहिलं पॅडल मारायच्या आधीच या शहरात अंगाला घाम सुटतो, आणि पावसात तर वरळीच्या समुद्राजवळ उभं राहवत नाही. दिवाळी ते होळी हाच मुंबईतल्या सायकलचा मोसम.

हल्ली थंडी पडली की मला नेहमी विचारतात, व्यायाम म्हणून चालवता की मौज म्हणून? आप्पांना हा प्रश्नच कळला नसता. व्यायाम करायचा तर गल्लीच्या तोंडाशी तालीम होती. तिथे जोर होते, बैठका होत्या, मल्लखांब होता, आणि तिथेही थंडीतच गर्दी व्हायची, कारण थंडीत कमावलेलं अंग वर्षभर टिकतं असा सगळ्यांचा विश्वास. पण आप्पांचं अंग गिरणीत आधीच खर्ची पडलेलं असायचं. मी एकदा विचारलं होतं, "आप्पा, एवढं काम करून परत सायकल, पाय दुखत नाहीत?" ते म्हणाले, "साच्यावर उभं राहून दुखतात गं. सायकलवर बसल्यावर नाही दुखत."

त्यांची सायकल हिंदची होती, काळी, बावीस इंची, मागे रुंद कॅरिअर. बिर्लांच्या हिंद सायकल्सचा कारखाना १९३९च्या सुमारास वरळीतच उभा राहिला. त्याआधी मुंबईच्या रस्त्यावर दिसायच्या त्या रॅले, हर्क्युलिस, बीएसए, हंबर, सगळ्या विलायती आणि साहेबाच्या किंवा सुखवस्तू माणसाच्या ऐपतीच्या. इथे बनलेली सायकल आल्यावर ती कामगाराच्या दारात आली. पुढे कारखाना आजारी पडून सरकारकडे गेला आणि अखेर बंद झाला. हिंद सायकल मार्ग हे रस्त्याचं नाव तेवढं वरळीत आजही आहे. समुद्राकडे जाताना आप्पा त्याच भागातून जायचे, आणि आपली सायकल इथे जन्मली हे सांगायला विसरायचे नाहीत.

त्या काळच्या रस्त्यांचं थोडं सांगायला हवं. आज जो डॉ. आंबेडकर रोड, त्यावरून ट्राम धावायची. बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री धावली. तोवर सायकलवाल्याचा मोठा शत्रू मोटार नव्हती, ट्रामचे रूळ होते. रुळाच्या खाचेत चाक गेलं की माणूस पडलाच, आणि थंडीतल्या दवाने रूळ ओले असले तर आणखी वाईट. रूळ तिरपा ओलांडायचा नाही, आडवा ओलांडायचा, हा धडा आप्पांनी मलाही दिला. मी शिकेपर्यंत ट्राम गेली होती, पण तो धडा मी आजही पाण्याच्या जाळीवर वापरते.

मी शिकले ती भाड्याच्या सायकलवर. तासाला चार आणे. दुकानदार वहीत नाव, चाळ आणि खोली नंबर लिहून घ्यायचा. मुलगी असली की भावाचंही नाव विचारायचा. दांडा नसलेली लेडीज सायकल दुकानात एखादीच, ती सकाळीच कुणीतरी नेलेली असायची. मग फ्रॉक सावरून दांड्याखालून पाय घालायचा आणि कैची मारत जायचं. दिवाळीच्या सुट्टीत किल्ला बांधून झाला की लालबाग-परळच्या गल्ल्यांत या सायकली सुटायच्या. दादरची मुलं पाच उद्यानांच्या भोवती किंवा शिवाजी पार्कच्या कडेने शिकायची, गिरगावची चौपाटीकडे पळायची आणि थोडी मोठी झाली की तीन बत्तीच्या चढावर एकमेकांचा दम बघायची. एका तासाच्या पैशात दोघांनी वाटून घेतलेली ती सायकल! तब्येत हा शब्द त्यात कुठेच नव्हता, तरी महिन्याभरात पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या.

ज्यांना व्यायाम आणि मौज यांची भांडणं लावायची आहेत, त्यांना मी नेहमी आपल्याच शहरातल्या सहा पारशी तरुणांकडे पाठवते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, पाऊस संपून हवा पालटत असताना, ते मुंबईहून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. सहाही जण बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे, म्हणजे अंग कमावलेले. त्यांना आणखी व्यायामाची गरज नव्हती. इराण, इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन असा तो प्रवास झाला. मुंबईची थंडी ज्यांना ठाऊक, त्यांनी आल्प्सचा बर्फ पाहिला. वाटेत तिघे गळाले आणि आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. त्यांच्या पाठोपाठ १९२४ साली फ्रामरोझ दावर निघाले. १९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ निघाले, ते परतले १९४२ साली. दुनिया बघायची हौस नसती तर नुसत्या दंडाच्या जोरावर हे झालं नसतं. आणि दंड नसते तर हौस वाळवंटातच आटली असती. मात्र निघताना आधी हौस होती, हे विसरू नये. या माणसांची नावं आपल्या शाळांच्या पुस्तकांत हवी होती.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीचंही आमच्याकडे मोठं वेड. त्यात अंतिम रेषेइतकाच मान बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला, तो 'घाटाचा राजा'. चाळीतली मुलं महिनाभर आधीपासून एकमेकांना हीच पदवी देत फिरायची.

१८ जानेवारी १९८२ रोजी, थंडीच्याच दिवसांत, गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आप्पांनी त्याच सायकलच्या कॅरिअरला लाकडी खोकी बांधली, पहाटे चारला दादरच्या बाजारातून भाजी उचलायची आणि चाळीचाळीतून विकायची. वरळीपर्यंत जाणारी सायकल दादरलाच अडकली. त्या वर्षांत ते समुद्रावर गेल्याचं मला आठवत नाही. संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि आप्पा परत साच्यावर गेले नाहीत. आमच्या भागात सायकल तशी कायम कष्टाचीच राहिली : पाववाला, पेपरवाला, तारवाला, डबेवाला यांची. यांतल्या कुणालाही थंडीत सायकल का चालवता असं विचारायची सोय नव्हती.

व्यायामासाठी सायकल ही गोष्ट आमच्याकडे त्यानंतर आली, आणि ती का आली हे गिरणगावात राहून स्पष्ट दिसतं. गिरण्या गेल्या. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, इतर गिरण्यांच्या जागी टॉवर आणि कचेऱ्या. कामातून अंगमेहनत गेली, तेव्हा ती वेगळी काढून करावी लागली. जिथे साचे होते तिथल्या इमारतींत आज काचेमागे जागच्या जागी फिरणाऱ्या सायकली आहेत आणि त्यावर तरुण मुलं-मुली घाम गाळतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. साखर, रक्तदाब, हृदय ही खरी दुखणी आहेत. माझ्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सायकलच सांगितली, कारण तिच्यावर शरीराचा भार गुडघ्यांवर फारसा येत नाही.

पण नुसत्या तब्येतीचा हिशेब मुंबईच्या थंडीत आता टिकत नाही. याच दिवसांत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे बांधकामांची धूळ आणि गाड्यांचा धूर वर न जाता खालीच साचतो, आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो. मोबाइलवर हवेचा आकडा बघून घरी बसणारे शहाणे आहेत, त्यांना मी बोल लावणार नाही. मीही फार धुरकट दिवशी निघत नाही. हवा बरी असली की निघते, ती मात्र गुडघ्यांची आठवण ठेवून नव्हे. भायखळ्याचा पूल उतरताना कानाला लागणाऱ्या वाऱ्यासाठी निघते.

नव्या पिढीलाही हे कळलेलं आहे. २१ फेब्रुवारी २०१० रोजी मुंबईत सायक्लोथॉन झाली, त्यानंतर गिअरच्या सायकली वाढल्या. आता थंडीत ब्रेव्हे निघतात : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, पण पहिला-दुसरा कुणी नाही, क्रमांकच लावत नाहीत. जे पोचले ते सगळे पोचले. तीन बत्तीच्या चढावरच्या मुलांचीच ही थोरली भावंडं.

महानगरपालिकेने २०१७च्या डिसेंबरात नरिमन पॉइंट ते वरळी असा रविवार सकाळचा सायकल मार्ग सुरू केला. २०२२च्या मार्चमध्ये पोलिसांनी रविवारी काही रस्ते गाड्यांना बंद करून 'संडे स्ट्रीट्स' भरवले. दोन्ही चांगले उपक्रम. पण समुद्राकाठच्या वस्तीला जे मिळालं ते लालबाग-परळलाही हवं, कारण मुंबईत सायकल कष्टाची आणि हौसेची अशी दोन्ही झाली ती इथेच. माझी पालिकेला आणि वाहतूक पोलिसांना विनंती आहे : दिवाळी ते होळी, दर रविवारी सकाळी सहा ते नऊ, भारतमाता सिनेमापासून दादर टीटीपर्यंत डॉ. आंबेडकर रोडची एक बाजू सायकलींसाठी मोकळी ठेवा. आणि तिथे मुलांसाठी भाड्याच्या सायकली ठेवा, थोड्या पैशात, तासाच्या हिशेबाने.