हिरव्या पट्टीचा पतंग

आपल्या काव्यपरंपरेत पतंग उदंड आहेत, पण त्यांना जात नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायापासून आजच्या गझलेपर्यंत ज्योतीवर झेपावणारा तो नुसताच पतंग. त्याचा रंग कोणी सांगितल्याचे सहसा आढळत नाही. सोयगावात कपाशीच्या हंगामात ओसरीवरच्या दिव्याशी आलेल्या एका इवल्या जिवाने आम्हांला ही उणीव जाणवून दिली. पसरल्या पंखांनी जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर. पुढचे पंख सायीसारखे पांढुरके आणि त्यांच्या मधोमध कडेकडे रुंदावत गेलेली हिरवी पट्टी.

हा एरियस विटेला. फॅब्रिशियसने १७९४ मध्ये दिलेल्या या नावात फितीचा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे. जुन्या कृषिग्रंथांत हाच ‘फेबिया’ म्हणून भेटतो, तेव्हा वाचकाने दोन पतंग समजू नयेत. त्याचा खरा भाऊबंद इन्सुलाना, म्हणजे ‘बेटावरचा’. बॉयदुवालने १८३३ मध्ये मादागास्कर, बूरबाँ आणि मॉरिशसच्या कीटकांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले, आणि अजिंठ्याच्या डोंगरापायथ्याच्या कोरडवाहू शिवारातही तो बेटावरचाच राहिला! त्याचे पंख सबंध हिरवे, मात्र थंडीत पिवळट पडतात. नुसत्या रंगावर विसंबणारा तेथे फसतो.

मराठीने मात्र या दोघांना मिळून एकच नाव दिले : ठिपक्यांची बोंडअळी. पंखांकडे भाषेने पाहिलेच नाही. गुलाबी बोंडअळीचेही तेच. भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून सॉन्डर्सने १८४३ मध्ये जिचे वर्णन केले, तिचा पतंग मातकट असतो. गुलाबी असते ती अळी. आम्हांला यात भाषेचे दारिद्र्य दिसत नाही. कोवळा शेंडा पोखरून वाळवते ती अळी, म्हणून नावही तिचेच. तरीही या नामकरणाची किंमत आहे. अळी दिसते तेव्हा ती बहुधा शेंड्यात वा बोंडात शिरलेली असते. अंडी घालणारा पतंग त्याआधी येऊन गेलेला असतो.

बीटी कपाशीला २००२ मध्ये मान्यता मिळाल्यावर ठिपक्यांची अळी बरीच मागे हटली. २०१७ मध्ये महाराष्ट्रात उसळली ती गुलाबी. दरम्यान हिरव्या पट्टीची ओळख पुसट होत गेली असावी. घरधनी तीस वर्षांचे कपाशीवाले, आम्ही पतंग दाखवला तेव्हा म्हणाले, “फुलपाखरू आहे सर, जाऊ द्या.”