रविवारच्या मेजाचे वय

मुंबईतल्या तारांकित हॉटेलांत, रविवारी दुपारी, इटालियन रेस्तराँमध्ये जो बुफे मांडला जातो त्याला ब्रंच म्हणतात. एकच दर, ताट हवे तितक्या वेळा भरावे, उन्हे उतरेपर्यंत बसावे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. पण जुने कागद वाचण्याची सवय तीस वर्षांची आहे, आणि जेवणाचे मेज हाही वाचण्याजोगा कागद आहे असे मला वाटते. अशा एका मेजावरच्या पदार्थांची यादी मी वहीत उतरवून घेतली आणि एकेकाचा काळ ठरवायला बसलो.

आधी नाव. ब्रंच हा शब्द इंग्लंडचा. गाय बेरिंजर या लेखकाने १८९५ साली 'हंटर्स वीकली' या नियतकालिकात त्याची वकिली केली. इंग्रज घरांत रविवारी चर्चहून आल्यावर जड जेवण असे. त्याऐवजी दुपारच्या तोंडावर चहा-मुरंब्याने सुरुवात करून मग भारी पदार्थांकडे वळावे, म्हणजे शनिवारी रात्री जागलेल्यांची सोय होईल, असे त्याचे म्हणणे. इटलीत सकाळी कॉफी आणि एखादा गोड पाव पुरतो; रविवारचे खरे जेवण दुपारी, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून.

मांडणीही इटलीची नाही. बुफे हा शब्द फ्रेंच. भिंतीकडेला ठेवायच्या मेज-कपाटाचे ते नाव. आपल्या हाताने वाढून घेण्याची स्वीडिश रीत अमेरिकेत गाजली ती १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात. तिथल्या 'थ्री क्राउन्स' रेस्तराँने फिरत्या मेजावर स्मॉर्गसबोर्ड मांडले होते. पुढच्या दशकात लास व्हेगासच्या 'एल रांचो व्हेगास' हॉटेलने डॉलरभरात पोटभर बुफे काढला. रात्री भूक लागली म्हणून जुगारी बाहेर पडू नये, हा हेतू. तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलने १९५८ मध्ये असाच बुफे सुरू करून त्याला 'व्हायकिंग' नाव दिले. जपानी भाषेत बुफेला आजही तोच शब्द आहे.

हॉटेलांना ही पद्धत मानवली याचे कारण हिशेबाचे आहे. वाढपी कमी लागतात आणि बरेचसे पदार्थ एकदम करून ठेवता येतात. रांगेच्या सुरुवातीला पाव आणि सॅलड, महागाचे मांस शेवटी. तिथे पोहोचेपर्यंत ताट निम्मे भरलेले असते.

आता पदार्थ. चियाबाता हा पाव एखाद्या खेड्यातल्या जुन्या भट्टीतून निघाल्यासारखा दिसतो. तो १९८२ साली व्हेनेतो प्रांतातल्या आद्रिया गावी आर्नाल्दो काव्हाल्लारी यांनी फ्रेंच बागेतला उत्तर म्हणून तयार केला. आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले तेच हे वर्ष. तिरामिसू त्रेव्हीझो शहरातल्या 'ले बेक्केरिए' रेस्तराँच्या यादीवर आले ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. शेजारचा फ्रियुली प्रांतही त्यावर हक्क सांगतो. कार्बोनारा हे पास्त्याचे नाव दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पाककृतींच्या पुस्तकांत आढळत नाही.

इटालियन घरगुती स्वयंपाकाचा आधारग्रंथ मानले जाणारे पेल्लेग्रिनो आर्तुझी यांचे पुस्तक १८९१ चे. त्यात हे तिन्ही पदार्थ नाहीत. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत 'नेपल्सचा पिझ्झा' आहे, पण तो बदाम आणि रिकोत्ता चीज घातलेला गोड पदार्थ. एकसंध इटलीचे राज्यच तेव्हा तीस वर्षांचे होते. ज्याला आपण इटालियन परंपरा म्हणून ताटात घेतो, तिच्यातले बरेच काही आपल्या आईवडिलांच्या पिढीइतके किंवा आपल्याहूनही लहान आहे.

जुना होता तो क्रम. इटलीतल्या रविवारच्या जेवणात आधी तोंडी लावणे, मग पास्ता किंवा भात, मग मांस-मासळी, शेवटी गोड. हे सारे एकामागून एक येते, कारण कोणीतरी ते आणून वाढते, आणि कोणाला किती वाढायचे हे त्या व्यक्तीला ठाऊक असते. आपल्या पंगतीतही पान कसे वाढायचे हे ठरलेले, आणि आग्रह करणारे कोणी असायचेच. बुफेत ही व्यक्ती नाहीशी झाली. पंगतीचे गोडवे गाताना पंक्तिभेद मात्र विसरता येत नाही. बुफेच्या रांगेत कोणी जात विचारत नाही. दर तेवढा भरावा लागतो. हा फायदा लहान नाही.

तरीही हातचे काम संपलेले नाही, ते नजरेआड गेले आहे. नजरेसमोर उरतो तो पास्त्याच्या काउंटरमागचा एकटा आचारी. पाहुणा सॉस सांगतो, ताट घेतो, पुढे सरकतो. इथे मला आर्तुझींचे मृत्युपत्र आठवते. ते रेशमाचे व्यापारी, स्वयंपाकशास्त्रात स्वयंशिक्षित. प्रकाशक मिळेना म्हणून एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी पुस्तक पदरच्या पैशाने छापले. पाककृती घरात करून पाहिल्या त्या मारिएत्ता साबातीनी आणि फ्रांचेस्को रुफिल्ली या त्यांच्याकडच्या दोघा स्वयंपाक्यांनी. १९११ मध्ये आर्तुझी वारले तेव्हा पुस्तकाचे हक्क त्यांनी या दोघांच्या नावे ठेवले होते. म्हणून आज ही दोन नावे आपल्याला माहीत आहेत.

आपल्या रविवारच्या मेजांबद्दल पुढच्या अभ्यासकाला काय मिळेल? बुफेला बहुधा छापील मेन्यूकार्ड नसते. प्रत्येक भांड्यापुढे एक छोटी चिठ्ठी असते आणि मेज आवरताना ती कचऱ्यात जाते. त्यांतली एखादी मागून घ्या. मागच्या बाजूला तारीख, हॉटेलचे नाव आणि दर लिहा. काउंटरमागच्या माणसाला तो कुठला, हे काम कोणाकडून शिकला हे विचारा, आणि त्याची हरकत नसेल तर त्याचे नावही लिहून ठेवा. ते दुसरीकडे कुठेही लिहिलेले नसते.